मिनेइराओचे सात गोल नेमारच्या नसण्यानं झाले नाहीत

वर्ल्डकप जवळ आला की एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे तेच. २०१४ च्या वर्ल्डकपच्या सेमीफायनलला, बेलो होरिझोंतेच्या मिनेइराओ मैदानावर, नेमार आणि कप्तान थियागो सिल्वा असते तर ब्राझील जर्मनीकडून ७-१ हरलाच नसता. पोरं भावनेच्या भरात होती, सहा मिनिटं डोकं बंद पडलं, बाकी खेळ बरोबरीचाच होता. दोष द्यायचाच तर एकट्या बचावपटू डेव्हिड लुईझला द्या. आणि शेवटची ओळ ठरलेली: मॅच विकली होती.

गेल्या महिन्यात हा मेसेज मला आमच्या मैदानावरच्या एका चौदा वर्षांच्या पोरानं पाठवला. सोबत एकच वाक्य, ‘सर, हे खरं आहे ना?’ पोरगा सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळतो. गोल का होतो याबद्दल त्याच्या डोक्यात चुकीचं बसलं तर पुढची दहा वर्षं तो चुकीच्या जागी उभा राहील. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी कोल्हापूरचा. वर्ल्डकपला इथल्या पेठांमधून ब्राझीलचे झेंडे लागतात, आमच्या गल्लीतही होते. मॅच ८ जुलैची, आपल्याकडे रात्री दीडला सुरू झाली. अकराव्या मिनिटापर्यंत गल्ली जागी होती. अर्ध्या तासानं फक्त टीव्हीचा आवाज येत होता. त्या रात्री मीही नेमारचंच नाव घेतलं होतं. पुढं ती मॅच थांबवून थांबवून, मागं नेऊन इतक्यांदा बघितली, की ते नाव तोंडात येईनासं झालं.

नेमारपासूनच सुरू करू. ४ जुलैला फोर्तालेझात कोलंबियाविरुद्ध झुनिगाचा गुडघा त्याच्या पाठीत बसला आणि मणक्याला फ्रॅक्चर झालं. सेमीफायनलला राष्ट्रगीताच्या वेळी डेव्हिड लुईझ आणि गोलरक्षक ज्युलिओ सेझार त्याची जर्सी हातात धरून उभे होते. दुःख खरं होतं, त्यात शंका नाही. पण नेमार आघाडीचा खेळाडू. तो नसल्यावर गोल करायला माणूस कमी पडतो, गोल खायला नाही. आणि त्या मॅचमध्ये गोलकडे जास्त फटके ब्राझीलनंच मारले, १८ विरुद्ध १४. चेंडूही जर्मनीपेक्षा थोडा जास्त वेळ ब्राझीलकडेच होता. नेमारनं आणखी दोन गोल केले असते असं धरलं, तरी आपल्या जाळ्यात गेलेल्या सातांचं काय?

नेमारच्या जागी कोणाला घेतलं, हा प्रश्न मात्र खरंच विचारण्यासारखा आहे. जर्मनीच्या मधल्या फळीत तिघं होते: श्वाइनस्टायगर, खेडिरा आणि क्रोस. ब्राझीलचे प्रशिक्षक स्कोलारी यांच्यासमोर सोपा पर्याय होता, पाउलिन्यो किंवा रामिरेसला घेऊन तिघांसमोर तिघं उभे करायचे. त्यांनी घेतलं बर्नार्डला. तो बेलो होरिझोंतेच्याच अ‍ॅटलेटिको मिनेइरोत घडलेला, मैदानावरच्या लोकांचा लाडका, पण विंगर, म्हणजे कडेनं हल्ला चढवणारा. म्हणजे फर्नांडिन्यो आणि लुईझ गुस्तावो या दोघांवर तीन माणसांचं काम पडलं. ऑस्कर, हल्क, बर्नार्ड आणि फ्रेड पुढं, बचावफळी मागं आणि मधे मोकळं रान. मॅच इथं हरली. आता एकेक गोल या रानाच्या हिशेबानं बघा.

पहिला, ११ वं मिनिट. उजवीकडून क्रोसचा कॉर्नर. जर्मनीचा म्युलर डेव्हिड लुईझचा माणूस, म्हणजे त्याला धरायचं काम लुईझचं. कॉर्नर घेतला जात असताना चित्र थांबवलं तर लुईझ त्याच्यामागं निघालेला दिसतो, मग अंगांच्या गर्दीत अडकतो, आणि म्युलर वळसा घालून मोकळ्या जागेत येतो. इथपर्यंत मी एकट्या लुईझला फार दोष देणार नाही. गर्दी करून मार्कर, म्हणजे माणूस धरणारा बचावपटू, अडकवणं ही कॉर्नरची जुनीच युक्ती आहे. दोष पुढचा. माणूस सुटला की शेजारच्यानं ओरडून तो घ्यायचा असतो, ‘माझा, माझा’ म्हणत. एकही जण त्याच्याकडे सरकला नाही. म्युलरनं बुटाच्या आतल्या बाजूनं, सरावाला मारावा तसा चेंडू मारला, आसपास कोणी नव्हतं. चार बचावपटू, त्यांच्यापुढं दोन होल्डिंग मिडफिल्डर, आणि गोलसमोर सहा-सात मीटरवर एक माणूस एकटा. यात भावना कुठं आली? कॉर्नरला कोण कोणाचा आणि सुटल्यावर कोण घेणार, हे ठरवलेलं नव्हतं, किंवा ठरवलेलं कोणी पाळलं नाही.

दुसरा, २३ वं मिनिट. क्रोसचा पास मधल्या फळीतून आरपार जातो. फर्नांडिन्यो तो कापायला जातो आणि त्याला तो सापडत नाही. बॉक्सच्या तोंडाशी म्युलर चेंडू क्लोझेकडे देतो. क्लोझेचा पहिला फटका ज्युलिओ सेझारनं अडवला, आणि परत आलेला चेंडूही क्लोझेलाच मिळाला. वर्ल्डकपमधला त्याचा हा १६ वा गोल, रोनाल्डोचा १५ चा विक्रम मोडणारा, म्हणून सगळ्यांना तो क्लोझेच्या नावानं आठवतो. मला आठवतो तो परत आलेला चेंडू. गोलरक्षकानं त्याचं काम केलं होतं. दुसऱ्या चेंडूवर त्याच्या आधी पोचायचं काम बचावाचं, आणि तिथं पोचला प्रतिस्पर्ध्यांचा छत्तीस वर्षांचा स्ट्रायकर.

तिसरा पुढच्याच मिनिटाला. लाम उजवीकडून पुढं येतो आणि जमिनीलगत क्रॉस देतो. म्युलरचा पाय हुकतो, चेंडू बॉक्सच्या कडेला क्रोसपर्यंत येतो आणि तो डाव्या पायानं पहिल्याच स्पर्शात मारतो. बचावपटू गोलकडे घसरलेले असले की बॉक्सची कड मिडफिल्डरनं धरायची, हे आम्ही दहा वर्षांच्या पोरांना शिकवतो. क्रोसच्या आसपास पिवळी जर्सी नव्हती.

चौथा, २६ वं मिनिट. सगळ्यांत जास्त दुखतो तो हा. मधून खेळ नुकताच सुरू झालेला. फर्नांडिन्यो आपल्याच हाफमध्ये चेंडू पायात घेतो, आणि तो सोडायच्या आत क्रोस काढून घेतो. खेडिराला दिला, खेडिरानं परत दिला, क्रोसनं रिकाम्या जाळ्यात ढकलला. लोक म्हणतात फर्नांडिन्यो गोंधळला. गोंधळला असेल. पण आपल्या पोरांना मी ही क्लिप दाखवतो तेव्हा क्रोसकडे बघू देत नाही. बाकीच्या ब्राझीलवाल्यांकडे बघायला सांगतो. फर्नांडिन्योला पास द्यायला जवळ कोण आहे? चेंडू गेलाच तर मागं आडवा यायला कोण आहे? ०-३ नं मागं पडलेला संघ तिथंही पुढंच धावतोय. चेंडू पायात घेणाऱ्याची चूक एका क्षणाची, त्याला एकटं सोडणाऱ्यांची पहिल्या मिनिटापासूनची.

पाचवा, २९ वं मिनिट. हुमेल्स मागून चेंडू घेऊन चालत पुढं येतो. डेव्हिड लुईझ जागा सोडून त्याच्या अंगावर धावतो आणि चेंडू त्याच्या बाजूनं निघून जातो. खेडिरा, ओझिल, परत खेडिरा, गोल. लुईझनं सोडलेली जागा भरायला कोणी आलं नाही, आणि तिथूनच गोल झाला. ही चूक त्याचीच, आणि मोठी. सेंटर बॅकनं पुढं धावायचं तर चेंडू मिळणारच या खात्रीनं, नाहीतर जागेवर राहून वेळ काढायचा.

आता ‘सहा मिनिटं’. स्वतः स्कोलारींचाही नंतर सूर असाच होता, त्या सहा मिनिटांत सगळं कोसळलं असा. २३ ते २९ मध्ये चार गोल झाले हे खरं. पण पहिला ११ व्या मिनिटाला झाला होता, तेव्हा कोणाचंही डोकं बंद पडलेलं नव्हतं. आणि सहावा? ६९ वं मिनिट. खेडिराचा पास लामला, लामचा उजवीकडून जमिनीलगत क्रॉस, बॉक्समध्ये मोकळा शुर्ले. २४ व्या मिनिटाला जो रस्ता उघडा होता, तोच पाऊण तासानंतरही उघडा. मधे पंधरा मिनिटांची विश्रांती होऊन गेली होती, हल्क आणि फर्नांडिन्योच्या जागी रामिरेस आणि पाउलिन्यो आले होते, सुरुवातीला ऑस्कर आणि पाउलिन्योचे फटके जर्मनीचा गोलरक्षक नॉयरला अडवावे लागले होते. तरी डावीकडचा बचावपटू मार्सेलो पुढं गेला की त्याच्या मागच्या जागेवर कोण, याचं उत्तर तेव्हाही नव्हतं. सातवा ७९ व्या मिनिटाला. या वेळी डावीकडून म्युलरचा पास आणि शुर्लेचा आडव्या खांबाच्या खालच्या बाजूला लागून आत गेलेला फटका. फटका अप्रतिम होता, तो बाजूला ठेवू. सहावा बाजूला ठेवता येत नाही.

मुळात या चुका सेमीफायनलला जन्मल्या नव्हत्या. क्रोएशियाविरुद्धच्या उद्घाटनाच्या मॅचमध्ये अकराव्याच मिनिटाला ओलिचचा क्रॉस उजवीकडचा बचावपटू डानी आल्वेसच्या बाजूनं आला आणि मार्सेलोच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेला. कॅमेरूनच्या मातिपचा गोल त्याच बाजूच्या क्रॉसवर. चिलीविरुद्ध मार्सेलोचा थ्रो-इन, हल्कनं परत दिलेला आळशी पास, वर्गासनं मधे घेतला आणि सांचेझनं गोल केला. त्याच मॅचला अगदी शेवटी पिनियाचा फटका आडव्या खांबाला लागला नसता तर ब्राझील उपउपांत्यपूर्व फेरीतच घरी गेला असता, आणि या सात गोलांची गोष्टच घडली नसती. या तिन्ही मॅचना नेमार होता, थियागो सिल्वाही होता. पाच मॅचमध्ये चारच गोल खाल्ले म्हणून ही बचावफळी भक्कम मानली गेली. ते चार गोल कसे झाले, याकडे मात्र फार कोणी बघितलं नाही.

‘मॅच विकली होती’ यावर फार लिहीत नाही. इतक्या वर्षांत त्याचा एकही पुरावा पुढं आलेला नाही. विकलेल्या मॅचला वाईट मार्किंगची गरज नसते, आणि इथं प्रत्येक गोलमागची चूक पडद्यावर दिसते.

आता थियागो सिल्वा. कोलंबियाच्या गोलरक्षकाला आडवं आल्याबद्दल त्याला स्पर्धेतलं दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि सेमीफायनल हुकली. त्याच्या जागी आलेला दान्ते त्या वर्ल्डकपमध्ये तोवर एक मिनिटही खेळला नव्हता, त्यामुळे सिल्वाची उणीव मोठी होती हे मी मान्य करतो. नेमारपेक्षा नक्कीच मोठी. पण तो असता तर सगळं ठीक झालं असतं, हे तपासायला आपल्याकडे एक मॅच आहे आणि तिच्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नसतो. चारच दिवसांनी, १२ जुलैला ब्राझिलियात तिसऱ्या जागेसाठी नेदरलँड्सशी सामना झाला. सिल्वा परत आला होता, कप्तान म्हणून. सुरुवातीलाच व्हॅन पर्सीनं पुढं ढकललेल्या चेंडूवर रॉबेन बचावफळीच्या मागं एकटा सुटला, सिल्वाला त्याला ओढावं लागलं, पेनल्टी, तिसऱ्या मिनिटाला ०-१. रॉबेनच्या पायात चेंडू जाईपर्यंत मधे कोणी आडवं आलं नव्हतं, पुन्हा तेच रान. १७ व्या मिनिटाला उजवीकडून क्रॉस आला. डेव्हिड लुईझनं डोक्यानं काढला, तो सरळ बॉक्सच्या मधोमध. तिथं नेदरलँड्सचा डेली ब्लिंड उभा होता, खरं तर बचावपटू. त्याला चेंडू थांबवायला वेळ मिळाला, बघायला वेळ मिळाला, मग त्यानं मारला. सिल्वा मैदानावरच होता, आणि ब्लिंडच्या अंगावर कोणी नव्हतं.