बशीतला जंतू आणि गालावरचा मुरूम

‘लोध्राची साल लिंबाच्या रसात उगाळून लावा, सात दिवसांत मुरूम मुळासकट जातील. ग्रंथात आहे, प्रयोगशाळेत सिद्ध आहे, अपाय शून्य.’ हा मजकूर फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने चार दिवस तो लेप लावला. म्हणून त्यातला एकेक दावा तपासते.

ग्रंथात आहे, हे खरं. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तारुण्यपिटिकांवर, म्हणजे मुरुमांवर, लोध्र, धने आणि वेखंडाचा लेप सांगितला आहे. लिंबू मात्र त्यात नाही.

खरी गल्लत ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ या शब्दांत आहे. लोध्र, बाभूळ, अर्जुन या झाडांच्या सालींत टॅनिन भरपूर असतं. जिभेला तुरट लागतं ते हेच. ते प्रथिनांना धरतं, त्यामुळे सालीच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंची वाढ रोखली तर नवल नाही. पण बशीत जंतू उघड्यावर असतो आणि मोजून घेतलेला अर्क थेट त्याच्यापर्यंत जातो. मुरुमांशी संबंधित क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जंतू राहतो केसाच्या मुळाशी, तेलकट नळीत, जिथे प्राणवायू कमी. नळीच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसलेलं. पाण्यात विरघळणारे, आकाराने मोठे टॅनिनचे रेणू तिथवर उतरतात का, हे बशी सांगू शकत नाही. ते कळायला माणसांच्या चेहऱ्यावर, तुलनेला दुसरा गट ठेवून चाचणी करावी लागते. शिवाय हा जंतू नितळ चेहऱ्यावरही असतो. वयात येताना संप्रेरकांमुळे वाढलेलं तेल आणि तुंबलेली छिद्रं तशीच राहिली, तर नुसता जंतू मारून मुरूम थांबत नाहीत.

सात दिवसांचं म्हणाल, तर बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापलीनसारख्या तपासलेल्या औषधांनाही गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात.

आणि ‘अपाय शून्य’? लिंबाचा रस त्वचेपेक्षा कितीतरी पट आम्ल, त्यात सालीची खरखरीत पूड चोळली जाते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर दाह झाला की काळे डाग उमटतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. भाचीचे मुरूम आता बसलेत, डाग अजून आहेत.

लोध्र लावायचंच असेल तर वैद्यांना विचारून, लिंबू वगळून, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. पण गाठी खोल आणि दुखऱ्या असतील तर लेपात दिवस घालवू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्या गाठी बऱ्या होतानाही खड्डे ठेवून जातात.