फार्मसी सीईटीची ती सहा ‘गुपितं’: एकेकाचा हिशेब

“फार्मसीला जाणाऱ्यांनो, क्लासवाले तुम्हाला ही सहा गुपितं कधीच सांगणार नाहीत” अशी सुरुवात असलेला मेसेज फॅमिली ग्रुपवर आला, तेव्हा मी नेहमीसारखा पुढे सरकलो असतो. पण तो भाचीने मनावर घेतला आणि दाजींनी तर त्याहून जास्त. भाची तासगावला बारावीला आहे, पीसीबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी ग्रुप. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे हे असलं काही वाचलं की आधीच डोकं तापतं. भाचीने मेसेज वाचून अकरावीची पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली आणि दाजी एका एजंटाकडे सीटचं टोकन भरायला निघाले, हे कळल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं.

मेसेजमधले सहा मुद्दे थोडक्यात असे. एक, सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, अकरावी येत नाही, बोर्डाचा अभ्यास पुरतो. दोन, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून सगळीकडे ‘सी’ पर्याय मारा, पन्नास मार्क पक्के, आणि सीटा रिकाम्याच असतात. तीन, नव्वद पर्सेंटाइल म्हणजे दोनशेपैकी एकशे ऐंशी मार्क. चार, गणित घेतलेल्यांना फार्मसी मिळत नाही. पाच, सीट आत्ताच मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून, बुक करा, जूनमध्ये काही उरणार नाही. सहा, सीईटीच्या भानगडीत कशाला पडता, डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, करा.

पाचवा मुद्दा सगळ्यात घातक आहे. त्यात घरातला पैसा जातो, म्हणून सुरुवात तिथूनच.

आधी हे बघा की मेसेज स्वतःशीच भांडतोय. दुसऱ्या मुद्द्यात म्हणतो सीटा रिकाम्या असतात, पाचव्यात म्हणतो सीटा संपतील. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? पहिलं वाक्य मुलांना अभ्यासापासून तोडण्यासाठी आहे आणि दुसरं पालकांना घाबरवण्यासाठी. मेसेजच्या शेवटी एक मोबाइल नंबर होता आणि दाजींनी त्याच नंबरवर फोन केला होता. “अहो, आज टोकन भरलं तरच सीट राहील म्हणतायत.” मी म्हटलं, “दाजी, थांबा. एक रुपयासुद्धा देऊ नका. तुम्ही पैसे देऊन लेकीची फीमाफी घालवायला निघालाय.”

हे मी उगाच घाबरवायला म्हटलं नव्हतं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने जीआर काढला. आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. बी.फार्म, म्हणजे फार्मसीची पदवी, त्यात येतं. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे आपण ज्याला कॅप राउंड म्हणतो त्यातून झालेला असला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा आणि संस्था पातळीवरचे प्रवेश यातून वगळले आहेत. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, तिथेही कॅपचीच अट. दाजींकडे ओबीसीचा दाखला आहे, द्राक्षबागेचं उत्पन्न आठ लाखांच्या खाली आहे. म्हणजे कॅपमधून त्याच कॉलेजात गेली तर चार वर्षांचं शिक्षण शुल्क शून्य, आणि एजंटामार्फत गेली तर पूर्ण फी आणि वर टोकन. कॉलेज तेच, बाकं तीच.

आणखी एक. संस्था पातळीवरच्या सीटांनासुद्धा नियम आहेत. खासगी विनाअनुदानित कॉलेजांचे प्रवेश आणि फी यांवर २०१५ चा कायदा आहे. प्रवेशांवर प्रवेश नियामक प्राधिकरणाची नजर असते, प्रत्येक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ठरलेल्या फीच्या वर देणगी घेणं १९८७ पासून गुन्हा आहे. सीईटीचा निकाल लागण्याआधी, गुणवत्ता यादी नसताना ‘बुक’ होणारी सीट कुठल्या यादीतली? एजंटाला हा प्रश्न विचारा. आणि काहीही झालं तरी दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट त्याच्या हातात देऊ नका. कॅपच्या वेळी त्या लागतात, तेव्हा त्या सोडवून आणायला पुन्हा त्याच्याच दारात उभं राहावं लागतं.

आता पहिला मुद्दा, कारण त्यापायी भाचीची पुस्तकं गेली. ही परीक्षा घेणारा राज्याचा सीईटी सेल दरवर्षी माहितीपुस्तिका आणि अभ्यासक्रमाची सूचना आपल्या संकेतस्थळावर टाकतो, फुकट. त्यातला एकच तक्ता बघितला तरी निम्मा मेसेज कोसळतो. अकरावीला २० टक्के भार, बारावीला ८० टक्के. पीसीबीला फिजिक्सचे ५० प्रश्न, त्यातले १० अकरावीचे. केमिस्ट्रीचंही तसंच. बायोलॉजीचे १०० प्रश्न, त्यात २० अकरावीचे. प्रत्येक प्रश्नाला एक मार्क. म्हणजे दोनशेपैकी चाळीस मार्क अकरावीतून येतात. ते कोणीतरी मेसेजमध्ये लिहिलंय म्हणून पाण्यात घालवायचे?

बरं, अख्खी अकरावी करायचीच नाहीये, निवडक धडे आहेत. बायोलॉजीत बायोमॉलिक्यूल्स, श्वसन आणि ऊर्जा, मानवी पोषण, उत्सर्जन. केमिस्ट्रीत मूलभूत संकल्पना, अणुरचना, रासायनिक बंध, रेडॉक्स आणि असे आणखी काही. ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचं एसटीपीला आकारमान किती, हा अकरावीच्या पहिल्या धड्यातला प्रश्न. मोलर वस्तुमान ४४, म्हणजे ०.१ मोल, म्हणजे २.२४ लिटर. लिहायलासुद्धा लागत नाही, तोंडी होतो. श्वसनाच्या धड्यात ग्लुकोजचा आरक्यू (श्वसन गुणांक) १ आणि मेदाचा साधारण ०.७, हे एकदा समजून घेतलं की विसरत नाही. इतके सोपे मार्क दुसरीकडे मिळणार नाहीत.

‘बोर्डाचा अभ्यास पुरतो’ यात निम्मं खरं आहे, तेवढं मान्य करतो. पुस्तक तेच आहे, बालभारतीचंच. बायोलॉजीला तर पुस्तकातली ओळ न् ओळ, आकृतीखालचं नाव, चौकटीतली माहिती, सगळं वाचलेलं असावं लागतं आणि त्यासाठी महागडी गाइडं लागत नाहीत. पण तयारीची पद्धत वेगळी. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं मिळतात. प्रश्नाला ५४ सेकंद. बोर्डात आम्ही मुलांना पायऱ्या लिहायला शिकवतो, त्याला मार्क असतात. उदाहरणार्थ, पहिल्या कोटीची अभिक्रिया ६० मिनिटांत ७५ टक्के पूर्ण होते, तर अर्धायुकाल, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, किती? बोर्डाचा विद्यार्थी सूत्र लिहितो, लॉग चार ०.६०२१ घेतो, वेगाचा स्थिरांक के काढतो ०.०२३१, मग ०.६९३ ला त्याने भागतो आणि ३० मिनिटं असं उत्तर काढतो. चार मिनिटं गेली. सीईटीची तयारी केलेली मुलगी बघते की ७५ टक्के संपलं म्हणजे पाव उरलं, म्हणजे दोन अर्धायुकाल झाले, म्हणून ३०. दहा सेकंद. दोघींनाही धडा येतो, पण मार्क एकीलाच मिळतात. म्हणून बोर्ड संपल्यावर घड्याळ लावून पेपर सोडवायचे असतात, आणि ते सुद्धा कॉम्प्युटरवर, कारण परीक्षा कॉम्प्युटरवर आहे. पहिल्या ९० मिनिटांनंतर फिजिक्स-केमिस्ट्रीचा भाग बंद होतो आणि बायोलॉजीचा उघडतो. बायोलॉजी लवकर संपवून फिजिक्सकडे परत येऊ, असा बेत केलेली मुलं दरवर्षी फसतात.

आता सगळीकडे ‘सी’ मारायची गोष्ट. निगेटिव्ह मार्किंग नाही हे खरं आहे. पण त्यावरून जे काढलंय ते वाचून मला खरोखर संताप आला. चार पर्याय, दोनशे प्रश्न, डोळे मिटून एकच पर्याय निवडला तर सरासरी पन्नास बरोबर येतील. बरोबर. पण ते पन्नास सगळ्यांनाच येतील, ज्याने पुस्तक उघडलं नाही त्यालाही. क्रमवारी लागते ती त्याच्या वर कोण आहे यावरून. पीसीबीच्या परीक्षेला तर मेडिकलच्या नीटची दोन-दोन वर्षं तयारी केलेली मुलं हाताशी दुसरा पर्याय असावा म्हणून बसतात. त्यांच्यासमोर पन्नास मार्कांची किंमत काय राहणार?

निगेटिव्ह नसण्याचा खरा उपयोग वेगळा आहे. समजा चाळीस प्रश्नांवर तुम्ही अडलात. आंधळेपणाने मारले तर साधारण दहा येतील. पण थोडाफार अभ्यास असेल आणि प्रत्येकात दोन चुकीचे पर्याय खोडता आले, तर त्याच चाळिसांत वीस येतात. दहा मार्कांचा हा फरक अभ्यासामुळेच पडतो. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका, शेवटची दोन मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. एवढाच सल्ला त्या मुद्द्यातून काढण्यासारखा आहे.

आणि ‘सीटा रिकाम्याच असतात’? हेही मनाविरुद्ध मान्य करावं लागतं. फार्मसी कौन्सिलने २०१९ मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी आणली होती, ती २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर गल्लोगल्ली कॉलेजं निघाली आणि बऱ्याच ठिकाणी जागा भरत नाहीत. सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण आणि बारावीला ग्रुपमध्ये ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०, एवढ्यावर कुठेतरी प्रवेश मिळेल. पण तो कुठे मिळेल? माटुंग्याच्या आयसीटीत, कलिन्याच्या बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीत, कराड किंवा अमरावतीच्या सरकारी कॉलेजात रिकाम्या जागा तुमची वाट बघत नाहीत. जिथे प्रयोगशाळेत उपकरणं झाकून ठेवलेली असतात आणि शिक्षक फक्त तपासणीच्या दिवशी दिसतात, तिथे जागा उरते. तासगावच्या मुलीला कराडचं सरकारी कॉलेज घरापासून एसटीच्या अंतरावर आहे. तिने तिथे जायचं स्वप्न बघावं की उरलेल्या जागेचं?

तिसरा मुद्दा लवकर निकालात निघतो. पर्सेंटाइल आणि टक्के यांचा संबंध नाही. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून तुमच्याच सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क किती जणांना आहेत ते मोजतात. समजा सत्रात २०,००० मुलं बसली आणि १८,००० जण तुमच्या बरोबरीला किंवा खाली आहेत, तर तुम्ही ९० पर्सेंटाइलला. पेपर अवघड असेल तर त्यासाठी मार्क कमी लागतात, सोपा असेल तर जास्त. त्यामुळे ‘एकशे ऐंशी’ हा आकडा कुणालाच आधी सांगता येत नाही, आणि मॉक टेस्टला एकशे दहा पडले म्हणून रडत बसलेल्या मुलींना हे कुणीतरी सांगायला हवं.

चौथा मुद्दा साफ खोटा. बी.फार्मला फिजिक्स, केमिस्ट्री आणि त्यांच्या जोडीला गणित किंवा बायोलॉजी, यातलं काहीही चालतं. पीसीएमच्या, म्हणजे गणितवाल्या, सीईटीवर प्रवेश होतो. उलट पहिल्याच सेमिस्टरला गणितवाल्यांसाठी रेमेडियल बायोलॉजी आणि बायोलॉजीवाल्यांसाठी रेमेडियल मॅथेमॅटिक्स असा विषय फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमातच ठेवलाय. दोन्हीकडून मुलं येतात हे गृहीत धरूनच तो बनवलाय.

राहिला डी.फार्म. त्याला सीईटी लागत नाही, प्रवेश बारावीच्या मार्कांवर होतो, हे खरं. दोन वर्षं आणि वर ५०० तासांचं प्रशिक्षण. ज्याला स्वतःचं मेडिकल दुकान टाकायचंय त्याच्यासाठी तो चांगला, मानाचा मार्ग आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण ‘परीक्षेची कटकट नाही’ म्हणून तिकडे जाणाऱ्याला मेसेजने अर्धीच गोष्ट सांगितली. २०२२ मध्ये फार्मसी कौन्सिलने डिप्लोमानंतरच्या एक्झिट परीक्षेचे नियम आणले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिली परीक्षा झाली. तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के, तेही एकाच वेळी. म्हणजे इथे सीईटी टाळली तरी पुढे परीक्षा आहेच. शिवाय औषध कंपनीत संशोधन किंवा गुणवत्ता विभागात काम करायचं असेल, जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्म करायचं असेल, तर बी.फार्म लागतंच. डी.फार्मनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पण त्या जागा थोड्या.

भाचीला मी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून अकरावीची तिन्ही पुस्तकं काढून दिली आहेत. नॉन-क्रीमी लेअरचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांच्यासाठी दाजी तहसील कार्यालयात चकरा मारतायत, आणि टोकनासाठी काढलेले पैसे परत बँकेत गेलेत.