आधी देशसेवा, मग सेवेचं बिल

पोरगं बारावी झालं, आता पुढं काय, म्हणून आपल्या सोलापुरात सात रस्ता चौकात क्लासवाल्यांच्या पायऱ्या झिजवत असाल तर जरा थांबा. इंजिनिअर करून पुण्याला धाडू नका, हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये आधीच उभं राहायला जागा नाही. कारखान्यात तर मुळीच घेऊ नका, सुताचे भाव बघताय ना? त्याला राष्ट्रीय सुरक्षेत घाला. पगारासाठी नव्हे हो! पगार म्हणजे शिकाऊ उमेदवाराचं विद्यावेतन. खरी कमाई निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. आमच्या टॉवेलच्या एका बड्या गिऱ्हाइकानं यंदा अट घातली, कारखान्याचं ‘सुरक्षा ऑडिट’ करून आणा, नाहीतर ऑर्डर विसरा. ऑडिट कुणाकडून करायचं? तर यादी दिली. यादीत नाव एकच. त्या कंपनीच्या संचालक मंडळावर देशाच्या सुरक्षेत हयात घालवलेले एक साहेब. त्यांची दोन पोरं आली, ऐन मे महिन्यात टाय लावून. आवाजात प्रश्न ऐकू येईनात म्हणून माग बंद करायला लावले. मग विचारलं, जेकार्डच्या डिझाइनचा डेटा चोरीला गेला तर तुमची योजना काय? मी म्हटलं, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तरी आमचा मोर केव्हाच पानिपतला जाऊन नांदायला लागलाय. त्यांनी लिहून घेतलं, ‘धोका : गंभीर.’ जॉबर, म्हणजे मागावरचा मुकादम, माझ्या कानाशी लागला, “काय बोलूलालेत ओ मालक हे?” मलाही कळत नव्हतं. बिल तेवढं लगेच कळलं.

तर कारकीर्द कशी घडवायची ते ऐका.

सरकारातून धंद्यात जावं असंच काही नाही, उलटा रस्ताही चालू असतो. कोंडोलिझा राईस १९९१ पासून शेव्हरॉन या तेल कंपनीच्या संचालक होत्या. २००१ साली थेट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाल्या. कंपनीनं तेलवाहू जहाजाला त्यांचंच नाव दिलं होतं, ते मग गुपचूप बदललं. आपल्याकडे टँकरवर नगरसेवकाचं नाव असतं आणि ते बदलायची लाज कुणाला वाटत नाही. टँकर पाण्याचा असतो, एवढाच काय तो फरक. (नळाला पाणी येऊन आज पाचवा दिवस की सहावा?)

दोन्ही दगडांवर आळीपाळीनं पाय ठेवता आला तर उत्तमच. डिक चेनी आधी अमेरिकेचे संरक्षणमंत्री, मग १९९५ पासून तेलविहिरींची कामं करणाऱ्या हॅलिबर्टन कंपनीचे प्रमुख, मग उपराष्ट्राध्यक्ष. पुढं इराकच्या तेलविहिरींचं काम २००३ मध्ये त्याच हॅलिबर्टनच्या उपकंपनीला निविदा न काढता मिळालं. योगायोग हो, दुसरं काय.

गिऱ्हाइकांची नावं मात्र मरेपर्यंत सांगू नयेत. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी १९८२ मध्ये सल्ल्याचं दुकान काढलं. २००२ मध्ये त्यांना ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचं अध्यक्ष नेमलं. त्यांना विचारलं, तुमची गिऱ्हाइकं कोण? तीन हजार माणसं मेल्याची चौकशी समोर होती, आणि या गृहस्थांनी अध्यक्षपद सोडलं, यादी सोडली नाही. याला म्हणतात धंद्याचं इमान.

रक्ततपासणीतलं ओ का ठो कळत नसलं तरी रक्ततपासणीच्या कंपनीचं संचालकपद नाकारू नये. थेरानोसमध्ये किसिंजर होते, जनरल मॅटिस होते. पुढं तपासणी खोटी निघाली.

आता मुख्य विद्या, ती म्हणजे टीव्हीवर बसणं. मायकेल चर्टोफ हे २००५ ते २००९ अमेरिकेचे अंतर्गत सुरक्षामंत्री. विमानतळावर माणसाला कपड्यांच्या आतपर्यंत बघणाऱ्या स्कॅनरना त्यांचा मंत्री असल्यापासूनच पाठिंबा. खुर्चीवरून उतरले आणि त्याच वर्षी सल्लागार कंपनी काढली. २००९ च्या नाताळात एका माणसानं डेट्रॉइटला निघालेल्या विमानात अंतर्वस्त्रात लपवलेला बॉम्ब उडवायचा प्रयत्न केला. साहेब मुलाखतींत, वाहिन्यांवर सगळीकडे हजर. काय म्हणाले? स्कॅनर लावा. नंतर पत्रकारांनी खोदलं तेव्हा कळलं की ते स्कॅनर बनवणारी रॅपिस्कॅन कंपनी साहेबांच्याच सल्ल्याची गिऱ्हाईक. बघणाऱ्याला काय दिसलं? माजी मंत्री, गंभीर चेहरा, देशाची काळजी. पैसा कुणाचा, ते दिसलं नाही. यंत्रं बसली. लोक हात वर करून त्यांच्यासमोर उभे राहिले, म्हातारेकोतारे, बायाबापड्या. आणि २०१३ मध्ये त्या कंपनीची तीच यंत्रं विमानतळांवरून उचलावी लागली, कारण उघड्या देहाऐवजी साधी आकृती दाखवायचं सॉफ्टवेअर तिला वेळेत जमलं नाही! यंत्रं गेली, पण सल्ल्याची फी कुणी परत मागितल्याचं मी तरी वाचलं नाही.

कीथ अलेक्झांडर तर याच्याही पुढचे. दुसऱ्याची गुपितं ऐकणाऱ्या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या संस्थेचे ते २००५ ते २०१४ प्रमुख. त्यांच्याच नाकाखालून स्नोडेन नावाचा कंत्राटी कर्मचारी २०१३ मध्ये संस्थेची गुपितं घेऊन गेला. निवृत्त झाल्यावर साहेबांनी काय विकायला काढावं? गुपितं कशी सांभाळावीत याचा सल्ला! बँकांकडे महिन्याला दहा लाख डॉलरपर्यंत मागत असल्याच्या बातम्या आल्या. अमेरिकी संसदेचे एक सदस्य ॲलन ग्रेसन यांनी बँकवाल्यांच्या संघटनांना पत्र लिहून शंका काढली की सरकारी गुपितं वगळली तर या माणसाकडे विकण्याजोगं आहे काय? आयर्ननेट ही त्यांची कंपनी २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरली आणि २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना घरी पाठवून दिवाळखोरीला लागली. साहेबांना तोवर ॲमेझॉनचं संचालकपद मिळालेलं होतं.

आपल्याकडे असं चालत नाही, आपल्याकडे नियम आहेत. अखिल भारतीय सेवेतल्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्ष सरकारच्या परवानगीशिवाय खासगी नोकरी धरता येत नाही. आधी ही मुदत दोन वर्षं होती, ती घटवली. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतल्या माणसाला मात्र आपल्या संस्थेच्या कामाविषयी काही छापायचं तर आधी परवानगी हवी. २०२१ च्या त्या नियमाला वर्षाची मुदत नाही, तो जन्माचा. म्हणजे अनुभव लिहिला तर देशाला धोका आणि विकला तर फक्त बारा महिने कळ काढायची. पोराला हे आधीच समजावून सांगा, नाहीतर आत्मचरित्र लिहायला बसेल मूर्ख.

पण मला खरा राग त्या साहेबांचा येत नाही. त्यांनी दार उघडं बघितलं आणि आत शिरले. राग आपला येतो. त्यांना चाळीस वर्षं आपण पोसलं. कुठं काय असुरक्षित आहे हे त्यांना आपल्या करातून कळलं. आणि तेच आपल्याला परत विकायला आले तर आपण काय करतो? शाल, श्रीफळ, सोलापुरी चादर, सेल्फी. १९३० मध्ये मार्शल लॉ सोसलेलं गाव हे. शांतता-सुव्यवस्थेच्या नावाखाली काय काय खपवतात ते या गावाला कुणी शिकवायला पाहिजे का? चार हुतात्मा चौकातून रोज जाता-येता ना? मग समोरच्या माणसाला, तुम्ही आज कुणाचं खाता, एवढं विचारायला जीभ का जड होते? निवृत्त झाला म्हणून देव झाला का?

खासदार सिद्धेश्वराच्या जत्रेला, आपल्या गड्ड्याला, फोटो काढायला येतात, त्यांना विचारा की सल्लागारांच्या गिऱ्हाइकांची यादी उघड करायचा कायदा कधी मांडताय. मी विचारलं तर म्हणतील, टॉवेलवाल्याला काय कळतंय. आणि वाहिनीवाल्यांनो, तुम्हीही ऐका. त्यांच्या नावाखाली ‘माजी अमुक, माजी तमुक’ अशी हातभर पट्टी चालवता, त्यात ‘सध्या नोकरी कुणाकडे’ एवढी एक ओळ मावत नाही?