लुटले जाण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

भाऊ, चोरी होणारच असेल तर ती पाच हजारांच्या वरची होऊ द्या. नव्या फौजदारी कायद्यात त्याच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. वावरातल्या विहिरीवरून मोटर आणि केबल गेली आणि ठाण्यातल्या रायटरनं पेन उघडता उघडता "जुनीच होती ना?" असं विचारलं, तर "हो साहेब" म्हणू नका. त्या एका 'हो'त मोटर चार हजार नऊशेवर येते.

नाल्याच्या अलीकडे एक ठाणं, पलीकडे दुसरं, आणि तुमची विहीर नेमकी काठावर? मग दोन्हीकडे "हद्द आमची नाही" ऐकायची तयारी ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद हद्द न पाहता घ्यायची असते आणि प्रत फुकट द्यायची असते. पण हे तिथं बोलून दाखवू नका. कायदा येणारा फिर्यादी दिसला की चौकशी त्याच्यापासूनच सुरू होते.

पीडितांचा अभ्यास करणारं एक शास्त्रच आहे. बेंजामिन मेंडेलसोन नावाच्या वकिलानं गेल्या शतकाच्या मध्याला पीडितांचे प्रकार पाडले, पूर्ण निर्दोषापासून थेट सर्वाधिक दोषीपर्यंत. पुढच्या अभ्यासकांनी त्याला धारेवर धरलं, की हा तर पीडितावरच ठपका. आपल्याकडे एवढा खल होत नाही. खरेदी केंद्रावर कापसाची प्रत लावावी तशी बीट जमादार उभ्या उभ्या तुमची प्रत लावतो. "कुत्रं काहून नाही पाळलं?" थोडा दोष. "जागलीला काहून नाही गेले?" जास्त दोष. धुऱ्यावरून शेजाऱ्याशी वाद असल्याचं तोंडातून निघालं, की चोरीचं कारण तुम्हीच.

बाई असाल तर अंगावर जखम असू द्या. थट्टा वाटते? देसाईगंजच्या ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयानं दोन पोलिसांना दोषी धरलं होतं, पण अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि 1983 ला कायदा बदलला. कायदा बदलला म्हणून निर्धास्त राहू नका. पारावरचं न्यायालय अजून जुन्याच पुस्तकावर चालतं.

तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायचं, असंही कायद्यात आहे. तुम्ही आपले पोस्टमनशी गोड बोलून राहा.

आणि खटला उभा राहिलाच, तर त्याच्या कपाळावर तुमचं नाव शोधू नका. तो 'महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी' असतो. मोटर तुमची गेली तरी तुम्ही फक्त साक्षीदार. वकील शासनाचा, तारीख कोर्टाची, बुडालेली मजुरी तुमची. कोर्टाबाहेर बाक एकच असतो, त्यावर आरोपीही बसतो. त्याला "कसं काय भाऊ" म्हणा, गाव एकच आहे. न्यायाधीश साहेब रजेवर निघाले आणि दुपारची एसटी चुकली, तर त्याच्याच मोटारसायकलवर मागं बसून या. वाटेत तो आपसात मिटवायचं म्हणेल, मग पेट्रोलचे शंभर मागेल. देऊन टाका, सुटे ठेवा.