बी विंगचा निषाद

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मानद सचिवाला गळकी टाकी, थकलेला मेंटेनन्स, लिफ्टमध्ये अडकलेले पाहुणे आणि दुसऱ्याच्या जागेवर उभी केलेली स्कूटर एवढ्या विषयांत गती असावी लागते. संगीत कोठे संपते आणि गोंगाट कोठे सुरू होतो, हा प्रश्नही त्याच्यापुढे निवाड्यासाठी येऊ शकतो, अशी सूचना पदभार देताना मला कोणी दिली नव्हती. तो प्रश्न आला तो तक्रारवहीतून. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिले होते, ‘वरच्या मजल्यावरून भल्या पहाटे पेटीचा आवाज येतो, तो बंद करण्यात यावा.’ त्याखाली हिरव्या शाईत, कार्यालयीन टिपणीच्या वळणाने, तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी खुलासा केला होता: ‘सकाळचे सहा ही पहाट नव्हे. तसेच, सदर आवाज हा आवाज नसून यमन आहे.’

साहेब वीजखात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले असून हिरव्या शाईची सवय मात्र अद्याप निवृत्त झालेली नाही. नोकरीत राहून गेलेली पेटी त्यांनी आता मनावर घेतली आहे. यमन हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, मग तो सकाळी का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी मला वेळापत्रकच मांडून दाखवले. सायंकाळी सातपासून दहापर्यंत त्यांच्या घरात मालिका चालू असतात आणि त्या वेळी पेटी उघडण्याची त्यांची प्राज्ञा नाही. दहानंतर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आडवे येतात, कारण त्या नियमांत रात्र ही दहाला सुरू होते आणि सहाला संपते. राहता राहिले सकाळचे सहा. शास्त्रकारांनी रागांचे प्रहर ठरवले तेव्हा त्यांच्या घरी टीव्ही नव्हता, एवढेच या व्यवस्थेविषयी म्हणता येईल. सहाचा ठोका पडला की साहेब भाता उघडतात. त्या क्षणापर्यंत ते कायद्याचे पालन करत पेटीसमोर स्वस्थ बसून असतात, असे त्यांच्या घरातून समजते.

नियमांचा विषय निघालाच होता, म्हणून मी प्रथम नियमांकडेच गेलो. निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या बेरजेचा नसतो. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट झालेली असते. तेव्हा पंचावन्नाचे पासष्ट झाले तर ‘दहाच तर वाढले’ असे म्हणून चालत नाही. मी मोबाइलवर मोजणीचे ॲप घेतले आणि वहिनींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच विनंतीवरून, सकाळी सहा वाजता चहाच्या कपासह हजर झालो. वरून स्लॅबमधून झिरपत येणारी पेटी डोक्यावरच्या पंख्याच्या आवाजापुढे काट्याला जाणवेना. तेवढ्यात शेगडीवरच्या कुकरने शिट्टी दिली आणि काटा हिरव्यातून उठून थेट लाल पट्ट्यात गेला. पाठोपाठ चटणीसाठी मिक्सर सुरू झाला, तेव्हा तो खाली यायचेच विसरला. मी काही बोललो नाही. ‘हा घरातला आवाज आहे,’ वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वरात एवढी खात्री होती की नियमांत तशी सूट असावी असे मलाही क्षणभर वाटले.

नियमांचे एक बरे असते, त्यांना रसिकता लागत नाही. पंचावन्नाच्या आत कोणी कितीही बेसूर झाले तरी त्यांची हरकत नाही, आणि मर्यादेच्या वर कोणी गंधार अगदी अचूक लावला तरी तो नियमभंगच. (गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींविषयी येथे मी काही लिहीत नाही. तेथे संगीत की गोंगाट हा प्रश्न ऐकू येण्याइतकी शांतताच नसते.) मात्र साहेबांचा खुलासा आवाजाच्या मोठेपणाविषयी नव्हता, जातीविषयी होता, आणि जातीचा निवाडा काट्यावर होईना.

तेव्हा मी विज्ञानाकडे वळलो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे उत्तर स्वच्छ दिलेले आहे. ज्याची कंपने ठरावीक काळाने जशीच्या तशी पुन्हा पुन्हा होत राहतात तो सूर, आणि ज्याची कंपने वाटेल तशी धावतात तो गोंगाट. हे वाचून माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला, कारण या कसोटीवर आमच्या सोसायटीतला सर्वांत सुरेल रहिवासी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर ठरतो. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, आणि ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा त्याच्या दुपटीने, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा थरथरतो. शंभर कंपने म्हणजे पांढरी पाचच्या (पेटीवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या) खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, किंचित वर. ही माहिती मला साहेबांनीच मोठ्या अभिमानाने दिली. उभ्या नोकरीत आपण महाराष्ट्राला अखंड षड्ज, म्हणजे सा, पुरवत होतो, अशी काहीशी भावना त्यामागे असावी. हे खरे धरले तर ट्रान्सफॉर्मर हा गवई, मिक्सर एका वेगावर स्थिरावला की तोही गवई, आणि सातव्या मजल्यावर तबला शिकणारा मुलगा मात्र गोंगाट करणारा.

त्या मुलाची बाजू मांडायला मात्र नोबेलविजेता वकील मिळाला. कोणत्याही साध्या गोल चामड्यावर थाप मारली की त्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून जगातले बहुतेक चर्मवाद्य सुरापेक्षा दणक्याच्या अंगाने जाते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात एका सहकाऱ्यासह दाखवून दिले, की आपल्या तबल्या-मृदंगांत मधोमध चढवलेल्या शाईमुळे, म्हणजे त्या काळ्या गोल लेपामुळे, हेच उपस्वर एकपट, दुप्पट, तिप्पट अशा सुरेल नात्यात येतात. गणिताचे एकही समीकरण न मांडता, केवळ थरावर थर देऊन आणि दगडाने घोटून, कारागिरांनी गोंगाटाला सुराच्या वाटेवर आणले, ही मला या सगळ्या शोधात भेटलेली सर्वांत थोर गोष्ट. सातव्या मजल्यावरच्या मुलाला मी ती सांगितली. त्याच्या आईने ऐकली आणि त्याचा सराव अर्ध्या तासाने वाढवला. यातून सोसायटीचे काय भले झाले ते सांगता येत नाही.

एवढ्यावर प्रकरण शास्त्रीय पातळीवरच राहिले असते, पण वहिनींच्या सासऱ्यांनी त्यात लक्ष घातले. त्यांना सगळी विंग नाना म्हणते. १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाला ते तरुणपणापासून जात आले आहेत. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची वेसण बसण्यापूर्वी तो रात्रभर चाले, आणि पहाटेचे राग पहाटेच ऐकून, अंगावर शाल घेऊन, मंडळी चालत घरी येत. ज्या नियमाने आपले पहाटेचे राग नेले त्याच नियमाने सकाळी सहाचा यमन आपल्या उशाशी आणून ठेवावा, हा नानांच्या मते दैवाचा नव्हे तर राजपत्राचा दुर्विलास होता.

नानांनी पहिला पुरावा काढला तो देवगिरीचा. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त स्वराची व्याख्या केली आहे: ‘स्वतो रञ्जयति श्रोतृचित्तं स स्वर उच्यते’, म्हणजे जो आपणहून ऐकणाऱ्याच्या चित्ताचे रंजन करतो तो स्वर. हा शार्ङ्गदेव दरबारात हिशेबखात्याचा प्रमुख होता, हे वाचून मला या माणसाविषयी एकदम आपुलकी वाटली, कारण खजिनदाराच्या रजेत सोसायटीचे हिशेबही मीच लिहितो. नानांचा युक्तिवाद सरळ होता: येथे श्रोता मी, चित्त माझे, त्याचे रंजन होत नाही, सबब हा स्वर नव्हे. साहेबांचे उत्तर त्याहून सरळ होते: श्रोता मीही आहे, आणि मी नानांपेक्षा जवळ बसतो.

नानांचा दुसरा पुरावा अधिक जळजळीत होता. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दाराबाहेर काढले होते आणि १९७१ पर्यंत बाहेरच ठेवले होते. सरकारने तीन दशके जिला घरात घेतले नाही तिला आपण जिन्यातून वर का जाऊ दिले, असा त्यांचा सवाल होता. यावर साहेबांनी जी टिपणी लिहिली ती तक्रारवहीतले एक भूषण आहे. पेटीवरचा आक्षेप तिला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) काढता येत नाही आणि तिचे सूर कारखान्यात ठरून येतात, त्यामुळे आपल्या श्रुतींचे सूक्ष्म अंतर तिला साधत नाही, असा होता. शेजाऱ्याच्या झोपेचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता. शिवाय ज्या महाराष्ट्रात संगीत रंगभूमी पेटी-ऑर्गनच्या सुरांवर उभी राहिली आणि ज्याने पेटीवादक गोविंदराव टेंब्यांची बोटे ऐकली, त्याने दिल्लीच्या म्हणण्याला मान डोलवण्याचे कारण नाही. ‘दिल्ली’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या. मराठी वादात हे अस्त्र निघाले की समोरचा माणूस निदान चहापुरता गप्प बसतो.

या सगळ्या काळात मी सकाळी सहाला जागा होत होतो, आणि त्यातूनच मला एक गोष्ट दिसू लागली, जी तक्रारवहीत कोणीच लिहिली नव्हती. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये त्याच सुमारास स्नानगृहाच्या फरशा फोडण्याचे काम चालू होते. ब्रेकर भिंतीत घुसला की कपाटातल्या बरण्या थडथडत, पण मी त्या थडथडाटात वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचत असे आणि दुपारी डुलकीही काढत असे. ब्रेकरला माझ्याकडून काही नको असते. तो थांबला तर बरे वाटते, पुन्हा लागला तर वाईट वाटते, एवढाच त्याचा माझा व्यवहार. साहेबांची पेटी तशी नव्हती. ते मंद्र निषादापासून, म्हणजे खालच्या नी पासून, निघत, रिषभ, गंधार, तीव्र मध्यम, धैवत असे एकेक पायरी टेकत वर येत आणि वरच्या निषादावर पोहोचत. तेथे नेमका भाता संपे, किंवा चष्मा घसरे, किंवा वहीचे पान उलटावे लागे. निषाद क्षीण होत विरून जाई. पुढचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, ज्याच्यासाठी हा एवढा डोंगर चढलो, तो येतच नसे. साहेब पुन्हा पायथ्याशी जाऊन पहिल्यापासून चढू लागत.

ज्याला यमनचा य माहीत नाही त्यालाही हे सहन होत नाही. दूधवाला जिन्यात एक पाय उचलून थांबलेला मी पाहिला आहे. पार्किंगमध्ये गाड्या पुसणारा आमचा वॉचमन, ज्याला रागांची नावे विचारली तर तो हातातले फडके खाली ठेवून पळून जाईल, तो निषाद विरताच न चुकता ‘आऽ’ असा षड्ज लावतो आणि मग बोनेटकडे वळतो. माझ्या स्वतःच्या घरात दाढी करताना माझा ब्लेड धरलेला हात गालापाशी अधांतरी राहिलेला आहे. कुकरचेही थोडे असेच आहे. दोन शिट्ट्या होऊन तिसरी न झाल्यास घरातला प्रत्येक माणूस आपापल्या खोलीत अस्वस्थ होतो, आणि म्हणूनच कुकरला मी गोंगाटात टाकायला आता तयार नाही. ब्रेकर मला एकटे सोडतो. साहेबांनी मात्र सबंध विंगला आपल्या मागे चढायला लावले होते आणि कठड्यापाशी नेऊन रोज तसेच उभे ठेवले होते. यमन निर्विवाद यमनच होता. तो गोंगाट असता तर बी विंग केव्हाच झोपली असती.

हे मी कमिटीच्या सभेत मांडले नाही. सभेत असे काही मांडायचे असते तर मी सचिव झालो नसतो. मी फक्त वहिनींना विचारले की त्यांची मागणी नेमकी काय आहे, पेटी बंद व्हावी की वेळ बदलावी? वहिनींनी पदराशी चाळा करत नानांकडे पाहिले, नानांनी छताकडे पाहिले, आणि मग वहिनी एकदम म्हणाल्या, ‘बंद कशाला करायला हवी? त्यांना एकदा तो वरचा सा लावायला सांगा. दिवसभर डोक्यात अडकून राहतो हो, माझ्याकडून आमटीत मीठ दोनदा पडतं.’ त्यावर चेअरमनसाहेबांसह सर्वांनी एवढ्या जोराने माना हलवल्या की मी मतदान घेतले नाही. ठराव एकमताने संमत झाला तो असा: ‘तिसऱ्या मजल्यावरील सभासदांनी सकाळच्या सरावात निषादावर न थांबता तार षड्जापर्यंत जावे व तेथे किमान दोन मात्रा थांबावे.’ सूचक नाना, अनुमोदक वहिनी.

साहेबांनी ठरावाचा आदर राखला. दुसऱ्याच दिवशी सहा वाजून काही मिनिटांनी भाता भरून तार षड्ज लागला, दोन नव्हे तर चांगल्या आठ मात्रा टिकला, आणि खाली पार्किंगमधून वॉचमनने ‘वा!’ म्हटल्याचे मी ऐकले. आठवडाभर विंगेत सुबत्ता होती. त्यानंतर तक्रारवहीत हिरव्या शाईत नवी नोंद आली. ‘कळविण्यास आनंद होतो की यमन पूर्ण झाला असून गुरुजींनी सोमवारपासून मारवा सांगितला आहे. सदर रागात षड्ज शक्यतो टाळावयाचा असतो, त्यामुळे मागील ठराव लागू होणार नाही, याची नोंद घ्यावी.’

नानांनी ती नोंद चष्मा लावून दोनदा वाचली आणि माझ्याकडे विशेष सर्वसाधारण सभेची मागणी केली. तिच्यासाठी किती सभासदांच्या सह्या लागतात ते मी उपविधीत शोधत होतो, तोवर त्यांनी संपूर्ण बी विंगच्या आणून दिल्या. शेवटची सही वॉचमनची होती. तो सभासद नाही, पण मी ती खोडलेली नाही.