ठिपका थांबला म्हणजे जहाज बुडालं असं नसतं

मर्चंट नेव्हीत पोरं असलेल्या घरांमध्ये एक मेसेज फिरतोय, की जहाजं नकाशावर दाखवणाऱ्या ॲपात जहाज सॅटेलाईटवरून चोवीस तास लाईव्ह दिसतं, त्याचा ठिपका थांबला तर जहाज बुडालं नाहीतर पळवलं, आणि कंपनी घरच्यांपासून लपवते. हे वाचून अमळनेरची माझी मावशी दोन दिवस जेवली नाही. "ठिपका हालत नही रे भाऊ" एवढंच फोनवर. पोराचं जहाज मुंबईहून डर्बनला निघालेलं.

आधी लाईव्हचं बघू. तो ठिपका म्हणजे वरून काढलेला फोटो नाही, जहाजावरचं एआयएस यंत्रच आपलं नाव, जागा, वेग व्हीएचएफ रेडिओवर सांगत असतं, चालत्या जहाजावर दर 2 ते 10 सेकंदाला. पण हा रेडिओ किनाऱ्यावर साधारण 40 सागरी मैलांपर्यंतच पोचतो आणि फुकटच्या ॲपात बहुतेक तेवढंच दिसतं, पुढचा सॅटेलाईटचा डेटा विकत घ्यावा लागतो. तोही सलग नसतो, कारण सॅटेलाईट डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो, आणि गर्दीच्या समुद्रात शेकडो जहाजं एकदम बोलतात म्हणून मेसेज एकमेकांवर आदळून वाया जातात. तोरणमाळच्या घाटात एसटीतल्या माणसाचा फोन लागला नाही तर गाडी दरीत गेली असं आपण म्हणतो का?

बुडण्याची खबर द्यायला वेगळं यंत्र असतं, इपर्ब. जहाज बुडायला लागलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप सुटून वर तरंगतं आणि 406 मेगाहर्ट्झवर सॅटेलाईटला हाक देतं, आपल्याकडे ती हाक बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात येते आणि तिथून कोस्ट गार्डकडे जाते. शिवाय एलआरआयटी म्हणून अजून एक सिस्टीम आहे, तिच्यातून ज्या देशाचा झेंडा त्या देशाला दर 6 तासांनी जागा कळते. यातलं काहीच आपल्या ॲपात येत नाही.

राहिलं लपवायचं. चाच्यांचा धोका असेल तर एआयएस बंद करायची कॅप्टनला मुभा आहे, ते पोरांच्याच जिवासाठी. चोरटं तेल नेणारी जहाजंही मुद्दाम बंद करतात हे खरंय, पण म्हणून प्रत्येक थांबलेल्या ठिपक्यामागे लपवाछपवी शोधू नका.

सहाव्या दिवशी पोराचा मेसेज आला, नेट बंद होतं म्हणे. मावशीच्या भिंतीवर आता मी कंपनीचा इमर्जन्सी नंबर आणि जहाजाचा आयएमओ नंबर, म्हणजे त्याचा ओळख नंबर, मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, काही वाटलं तर तिथे फोन करायचा.