वेल लावताय? आधी मे महिना आठवा

गुहागरच्या घराला पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, बाजूने आम्ही जाळीचं कुंपण घातलं. साठ फूट जाळी, सिमेंटचे खांब. शेजारी होमस्टे झाला आणि पडवीत लुंगी लावून चहा पिणाऱ्या माझे फोटो निघायला लागले. (हसू नका.) आत्या म्हणाली, "वई गुरांसाठी घालतात रे. माणसांपासून लपायचंय तर दार लाव." मी नर्सरीत गेलो. नर्सरीवाला म्हणाला, "मधुमालती न्या, एका पावसात जाळी दिसणार नाही."

खरं बोलला बिचारा. जूनमध्ये लावलेल्या रोपांनी पहिल्याच पावसात जाळी झाकली. तिसऱ्या पावसात खांबही दिसेनात, कारण ते आडवे झाले होते.

चूक माझी. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. दाट वेल भिजला की जाळीवर ओल्या गोधड्या वाळत घातल्यासारखं वजन येतं. त्यात समुद्रावरचा वारा. नुसत्या जाळीतून तो निघून जातो, वेल दाटला की जाळीचं शीड होतं. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते, दोन्ही वादळं बघून मी हे विसरावं म्हणजे कमाल.

तेव्हा माझं मत ऐका. 'लवकर वाढणारा' हा कोकणात वेल निवडायचा निकषच नाही. मृगात इथे सगळंच लवकर वाढतं, न लावलेलंसुद्धा. विहीर तळाला गेल्यावर, मे महिन्यातल्या खाऱ्या वाऱ्यात काय हिरवं राहतं ते आधी बघा.

मधुमालतीवर माझा राग नाही. संध्याकाळी उमललेलं फूल पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग. रात्री पडवीभर वास. पण जुनी फांदी लाकूड होते आणि पानं गळाली तरी देठाचे खुंट मागे राहतात, छाटताना हात सोलून निघतात. तिला चिऱ्याची कमान द्या, जाळी नको.

आता साठातल्या चाळीस फुटांवर गोकर्ण आहे. बी रात्रभर भिजवायचं, दुसऱ्या दिवशी टोचायचं, दीड-दोन महिन्यांत निळी फुलं. वाढतो साधारण कुंपणाएवढाच, वजन नाही, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी मिळालं तरी तक्रार नाही. शेंगा वाळल्या की बी पुढच्या वर्षाला. होमस्टेवाले फुलं मागून नेतात, निळा चहा करतात म्हणे.

उरलेल्या जागी आत्याचं राज्य. पडवळ, दोडका, कारली. पहिल्या वर्षी वानरांनी पडवळं कोवळी असतानाच संपवली, दोडक्याचे अर्धे चावून टाकलेले तुकडे पाखाडीवर पडलेले. आमच्याकडे कारल्यांना मात्र हात लागला नाही. तेव्हापासून कारलीच. आणि एका कोपऱ्यात करांदा, तो कोणी लावलाच नाही. पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे लोंबतात, दिवाळीच्या पुढेमागे उतरवायचे, उकडून मीठ लावून खायचे. नंतर वेल वाळतो आणि तेवढा तुकडा उघडा पडतो. पडू दे.

आइसक्रीम क्रीपर म्हणून गुलाबी फुलांचा वेल विकतात, तो घेऊ नका. जमिनीत गड्डे धरतो, उपटला तरी पुन्हा फुटतो. कळलावी पावसात आपोआप उगवते, दिसते देखणी पण सगळी विषारी, लहान मुलं असतील तर काढाच. आणि कुठलाही वेल असो, खालची वीतभर जागा मोकळी ठेवा. पाल्याच्या दाटीत फुरसं बसलं तर दिसत नाही.

बेड्याजवळ, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी, एक बोगनवेल आहे. बांधून चढवावी लागते, पावसात नुसती पानं, पण फेब्रुवारीनंतर पाणी तोडलं की रंगाने पेटते. खाऱ्या वाऱ्याचं तिला काही नाही. आत्याला ती अजिबात आवडत नाही, काटे पोस्टमनला लागतात म्हणते. एवढ्या एका बाबतीत मी तिचं ऐकलेलं नाही.